चिंचेच्या पाण्यातलं बर्चवन

ईशान, तन्वी,

तुमचा फोटो पोचला. भिंग लावून पाहिला, मग चष्मा पुसून परत भिंग लावून पाहिला. पांढऱ्या खोडांची सडपातळ झाडं, खाली काळं पाणी, पाण्यावर लालसर-हिरव्या शेवाळाची उशी, आणि मध्ये तुम्ही दोघं. ईशानच्या एकाच पायात बूट आहे. तुमच्या आईनं मागे लिहिलंय, "बूट चिखलानं गिळला, मुलगा वाचला." बरं झालं.

तुम्ही विचारलंत, "आजी, असं जंगल तू कधी पाहिलं आहेस का?" नाही. पण मी ते शिकवलं आहे. वर्षानुवर्षं, छातीठोकपणे, बर्चच्या बुंध्याशी माझं बालपण गेल्यासारखी मी ते शिकवत होते.

इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्या होत्या. मी म्हटलं, मी नातवंडांना एक मोठं पत्र लिहायला बसते आहे, हवं तर तेच छापा. त्यांनी विचारलं, त्यात फार घरगुती काही नाही ना? मी म्हटलं, सासूबाई आहेत. ते म्हणाले, मग चालेल. तेव्हा हे पत्र तुमच्याबरोबर बरीच माणसं वाचतील. तुम्हाला तुमची आई वाचून दाखवेल. ती मधलं काही गाळू लागली तर गाळू देऊ नका.

आधी माझ्याबद्दल. मी व्यवस्थित बाई आहे, हे तुम्ही सुटीत सोसलंच आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात. तूरडाळ पाहून कुणालाही ती तूरडाळ आहे हे कळतं, तरी चिठ्ठी असते. तुमचे आजोबा म्हणायचे, एक दिवस ही मलाही चिठ्ठी लावील. मी लावली नाही. फक्त त्यांच्या छत्रीला लावली होती, आणि ती छत्री कधी हरवली नाही एवढं नोंदवून पुढे जाते.

नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याची ती अखेरची वर्षं, पण ती अखेरची आहेत हे आम्हाला कुठं माहीत होतं? मी हैदराबादच्या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून नांदेडच्या एका वकिलाच्या घरात सून म्हणून आले. सासरी माझ्या इंग्रजीचा उपयोग एकच, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणं. घरात कुणी आजारी पडलं नाही तर मी बेकार. म्हणून सरकारी मुलींच्या शाळेत निसर्गविज्ञान शिकवायला बाई हवी आहे असं कळलं तेव्हा सासऱ्यांनी मला पाठवलं. "जा, तेवढीच घरात शांतता," असं ते म्हणाले. ही परवानगी होती.

शाळेत बाईंना कागदोपत्री 'उस्तानी' म्हणत. मुली पडदा लावलेल्या बैलगाडीतून येत. शाळेची जागा म्हणजे एका जहागीरदाराचा जुना तबेला होता, आणि अंगणात घोड्यांना पाणी पाजायची भली मोठी दगडी डोणी तशीच राहिली होती. ही डोणी लक्षात ठेवा. माझ्या अब्रूचं पुढे जे झालं ते तिच्यात झालं.

कामाचं स्वरूप असं. पुस्तक इंग्रजी, इंग्रज मुलांसाठी लिहिलेलं. परीक्षा उर्दूत. मुली मराठी. म्हणजे इंग्रजीत वाचायचं, मराठीत समजावायचं आणि उर्दूत पाठ करून घ्यायचं. या उड्या मारताना ज्ञान थोडंफार सांडायचंच. शिवाय पुस्तकातलं एकही झाड, एकही पाखरू, एकही ऋतू नांदेडात नव्हता. हिमवर्षाव शिकवायला मी मुलींना कापसाच्या जिनात नेलं. सरकी निघून कापूस हवेत उडत होता, सगळं पांढरं झालं होतं, मी म्हटलं, "हे पाहा, बर्फ असा पडतो." मला स्वतःचं कौतुक वाटलं. सहामाहीत एकीनं लिहिलं, "बर्फ पडला की खोकला येतो आणि मुकादम ओरडतो." मी तिला अर्धे गुण दिले, कारण तिनं पाहिलेलंच लिहिलं होतं. मी कुठं बर्फ पाहिला होता?

सातवीच्या पुस्तकात एक धडा होता, तुमच्या त्या जंगलाचा. थंड, ओला मुलुख. पाऊस पडत राहतो, पाण्याचा निचरा होत नाही. त्या साचलेल्या पाण्यात शेवाळासारख्या वनस्पती वाढतात, मरतात, खाली बसतात, पण कुजत नाहीत. थरावर थर चढतात. त्याची तपकिरी, स्पंजासारखी, आंबट माती तयार होते, तिला 'पीट' म्हणतात. बहुतेक झाडांना ती मानवत नाही. बर्च मात्र तग धरतं.

मी हे वाचलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर तव्यासारखी तापलेली काळी जमीन होती, हातभर रुंद भेगा पडलेली.

पीटची माती कापून, वाळवून तिकडचे लोक चुलीत जाळतात, हे सांगितल्यावर मुलींना एकदम बरं वाटलं.

"म्हंजी गोवरीच की बाई."

"शेणाशिवाय," मी म्हटलं.

"मग थापायला लई सोपं," मागून एकजण म्हणाली, आणि वर्ग पीटच्या बाजूचा झाला.

अडलं ते पुढे. सोजर नावाची एक मुलगी होती. उंच, हडकुळी, गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत. ती उभी राहिली. "बाई, आमच्या खालच्या रानात चिबड हाय. पाणी साचलं की तूर पिवळी पडून जळती. मुळ्या गुदमरत्यात म्हनं. मग ह्याच झाडाला कसं काय हुत न्हाई?"

प्रश्न उत्तम होता. उत्तर पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, "ते पुढच्या वर्षी येईल." शिक्षकांचं हे फार जुनं उत्तर आहे.

पण पुढचं वर्ष येणार की नाही हाच तर प्रश्न होता. आमच्या शाळेत मुलींचा सातवीचा वर्ग फक्त चाचणी म्हणून सुरू केलेला होता. सहामाहीनंतर तपासणीला हैदराबादहून मोहतमीम साहिबा, म्हणजे शाळाखात्याच्या मोठ्या बाई, येणार, त्यांना पसंत पडलं तर वर्ग पुढे चालणार, नाही तर बंद. बाकीच्या मुलींना तितकंसं काही वाटत नव्हतं. सोजरला वाटत होतं. तिचे वडील मारोतराव धर्माबादचे धान्याचे आडते. मुलीला शिकायची हौस म्हणून त्यांनी तिला नांदेडला तिच्या आत्याकडे ठेवलं होतं. आत्याला भाचीच्या शिक्षणाची नाही, लग्नाची घाई. तो ताईतही आत्यानंच उदगीरच्या एका महाराजांकडून आणून बांधला होता, लग्न लवकर जमावं म्हणून. मारोतराव एकदा पडद्याआडून माझ्याशी बोलले होते. साधा माणूस, साधा हिशेब. "उस्तानीबाई, वर्ग हाय तवर पोरगी शिकंल. वर्ग बंद झाला की मी बोलणी लावतो. मग मला अडवू नका."

म्हणजे सोजरचं काय होणार ते तपासणीवर. आणि मोहतमीम साहिबा पुस्तकातला कुठलाही धडा काढून "दाखवा" म्हणतात अशी त्यांची ख्याती होती. सांगा नव्हे, दाखवा.

तेव्हा मी ठरवलं की नांदेडात बर्चचं वन उभं करायचं. डोणीत.

आमच्या मुख्याध्यापिका रजिया आपा हैदराबादच्या. त्यांनी परवानगी दिली, कारण मी काय मागते आहे हे त्यांना समजलं नव्हतं. आम्ही डोणीच्या तळाशी काळी माती घातली, वर लाकडाच्या वखारीतला भुसा, कुजका पाला, गवत. वर पाणी. दलदल तर झाली. आता ती आंबट करायची होती.

मराठवाड्यात 'आंबट' म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, कैरी आणि चिंच. कैरीचे दिवस नव्हते.

प्रत्येक मुलीनं घरून चिंच आणली. आम्ही ती कोळून डोणीत ओतली. माझ्याकडे लिटमसच्या निळ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. आंबटात बुडवली की ती पट्टी लाल होते. मी बुडवली, लाल झाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बुडवली, निळीच राहिली. परत चिंच, परत लाल, दुसऱ्या दिवशी परत निळी. सारं नांदेड आमटीत चिंच घालत होतं आणि माझा वर्ग डोणीत.

कारण अगदी समोर होतं. आपल्या काळ्या रानात कुठंही उकरा, चुनखडीचे पांढरे खडे निघतात. मी मूठभर नव्हे, टोपलीभर तीच माती तळाशी घातली होती. त्यात डोणीला आतून चुन्याचा गिलावा. चुना आंबटपणा खाऊन टाकतो हे मला पुस्तकातून पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच बहुधा आठवलं नाही.

मग वास सुटला. मग मुंग्या आल्या. मग गांधीलमाशा आल्या. रजिया आपा दुपट्टा नाकाला लावून अंगणात उभ्या राहिल्या. "बाई, ये क्या पका रये तुम? घोडे होते तब बी ऐसी बू नै आती थी."

घरी ही बातमी माझ्याआधी पोचली होती. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "विमल, शाळेत लोणचं घातलंय म्हणे."

"लोणचं नाही आई, दलदल आहे."

"आंबट घातलं, वरून झाकून ठेवलं, मुरायला सोडलं. आमच्यात ह्याला लोणचं म्हणतात. आणि लोणच्याला पाणी लागू द्यायचं नसतं, एवढंही तुझ्या इंग्रजीत नाही?"

मी खाली मान घालून जेवले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की पीट कुजत का नाही याचं यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मला कुणी दिलं नव्हतं. आंबट असतं आणि हवा लागत नाही म्हणून लोणचं टिकतं. पीट म्हणजे मेलेल्या शेवाळाचं मुरलेलं लोणचं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे असं सांगितलं, जणू मिशनच्या शाळेतच शिकले होते.

आता राहिलं झाड. बर्च कुठून आणणार? आपल्याकडे हिमालयात त्याचा चुलतभाऊ आहे, भूर्ज. पूर्वी त्याच्या सालीवर ग्रंथ लिहीत. पण हिमालय नांदेडहून लांब. मी कडुनिंबाची एक सरळ फांदी तोडवली, पानं काढली, चिखलात उभी रोवली आणि पांढरी दिसावी म्हणून तिला चुना फासला.

वाचलंत ना? चुना. चिंचेच्या पाण्यात.

फांदीच्या बुडाशी बारीक फेस आला. मुली म्हणाल्या, "बाई, झाड उकळून राहिलं." मी म्हटलं, "श्वास घेतंय." पुढल्या काही दिवसांत पाण्यालगतचा चुना विरघळून खाली तपकिरी फांदी दिसू लागली. वर बर्च, खाली कडुनिंब. तरी मी डोणीच्या कडेला सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या, इंग्रजीत आणि उर्दूत: बर्च, पीट, शेवाळ, साचलेलं आम्लधर्मी पाणी. माझा विश्वास होता की चिठ्ठी लावली की वस्तू निम्मी खरी होते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी डोणीसमोर उभी राहिले. पट्टी बुडवली, लाल होती. दिवसभर मुलींनी चिंच ओतली होती. इथे मी घरी गेले असते तर सगळं निभावलं असतं. पण पाहुणे यायचे म्हणजे आपल्या हाताला काय सुचतं? सणाला, लग्नाला, साहेब यायचा असला की आपण काय करतो? रंगाचा एक हात मारतो. मी फांदीला वरपासून खालपर्यंत ताज्या चुन्याचा जाड हात दिला. डोणीची कड मळलेली दिसली, तिलाही दिला. उरलेली चुन्याची बादली हाताला लागून निम्मी डोणीत सांडली. मी वरून पाला सारून व्यवस्थित केलं आणि समाधानानं घरी गेले.

मोहतमीम साहिबा आल्या. पांढरी साडी, करडे केस, आणि चष्म्यावरून पाहायची सवय. उर्दू कविता ऐकल्या, हिशेब ऐकले, शिवण पाहिलं. मग माझं पुस्तक मागितलं, चाळलं, आणि बोट ठेवलं. त्याच धड्यावर. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी त्यांना अंगणात नेलं.

त्यांनी डोणीकडे बराच वेळ पाहिलं. एक गांधीलमाशी त्यांच्या चष्म्याजवळून गेली.

"ये दलदल है?"

"जी, साहिबा."

"तेजाबी?"

"जी." मी ऐटीत पट्टी बुडवली. निळी. हलवली. निळी. उलटी करून बुडवली. निळी ती निळीच.

"कागज तो कुछ और कह रहा है," साहिबा म्हणाल्या. मग त्यांनी बर्चच्या खोडाला बोट लावलं. बोट पांढरं झालं. खाली पाण्यालगत पाहिलं तर रात्रीतून तिथला चुना उतरून परत तपकिरी साल दिसत होती. वर, फांदीच्या शेंड्याला, त्या चुन्यातूनही एक कोवळं हिरवं पान फुटलं होतं. कडुनिंब चिवट असतो. साहिबांनी ते पान खुडलं आणि हुंगलं.

"ये नीम है."

कुणी हसलं नाही. रजिया आपा आकाशाकडे पाहत होत्या. मुली माझ्याकडे पाहत होत्या. आणि सोजर साहिबांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत होती. ते मिटलं की वर्ग मिटणार हे तिला ठाऊक होतं.

साहिबा काही दुष्ट नव्हत्या. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "उस्तानीजी, सच कहूँ? मैंने भी ये पेड नहीं देखा. इसीलिए पूछती हूँ हर जगह. कोई तो असली चीज दिखाए." आणि त्या पुस्तक मिटू लागल्या.

"असली हाय माझ्याकडं," सोजर म्हणाली. मराठीतच म्हणाली, घाईत उर्दू सुचली नाही.

तिनं गळ्यातला ताईत वर ओढला आणि नळीच्या तोंडाचं लाखेचं बूच दातांनी तोडलं.

"अगे नक्को!" रजिया आपा ओरडल्या. "ताईत है वो, नक्को खोल!" दोन मुलींनी डोळे झाकले. साहिबाही एक पाऊल मागे सरकल्या. हैदराबाद असो की नांदेड, उर्दू असो की मराठी, बांधलेला ताईत उघडू नये याबद्दल त्या राज्यात कुणाचं दुमत नव्हतं.

तोवर सोजरनं आतली सुरळी नखानं बाहेर काढून तळहातावर पसरली होती. बोटभर रुंदीचा बदामी तुकडा, त्यावर अष्टगंधानं काढलेले चौकोन. "हे भूर्जाचं साल. ह्याचाच चुलतभाऊ बर्च. पुस्तकात हाय, साल कागदावानी परतीनं निघती." तिनं कडेला नख लावलं. एक परत सुटली, इतकी पातळ की पलीकडचं तिचं बोट दिसलं. मग तिच्याखालची. आडव्या बारीक रेघा होत्या, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे अगदी.

आम्ही तीन शिकलेल्या बाया, साहिबा, आपा आणि मी, डोकी एकत्र करून त्या तुकड्यावर वाकलो. तिघींनीही पहिल्यांदाच पाहिलं. मी तर त्या झाडाच्या परीक्षा घेतल्या होत्या.

साहिबांचा आवाज बदलला. "अच्छा बेटी, ये बताओ. उस दलदल में जो पत्ते गिरते हैं, वो सडते क्यूँ नहीं?"

"लोणच्यावानी," सोजर म्हणाली, मग उर्दूत वळली. "अचार जैसा, साहिबा. खट्टा है, और अंदर हवा नहीं जाती. इसलिए सडता नहीं, मुरता है."

'मुरता' हा शब्द उर्दू आहे की नाही याची साहिबांनी चौकशी केली नाही. त्या हसल्या. डोणीकडे पाहून जरा जास्तच हसल्या. "सातवाँ दर्जा रहेगा," जाताना आपांना म्हणाल्या. "और ये अचार फिंकवा दीजिए."

माझा आनंद दुपारपर्यंत टिकला. मग सोजरच्या उघड्या गळ्याकडे लक्ष गेलं. वर्ग वाचला होता, पण मुलगी? लग्नासाठी बांधलेला ताईत शाळेत तुटला, तोही बाईंच्या समोर. आत्या गप्प बसणार होती का?

दुसऱ्या दिवशी मारोतराव धर्माबादहून आले. पुरुषांना आत येता येत नसे. ते पडद्यापलीकडे दगडावर बसले, मी अलीकडे उभी. पडद्याखालून मला त्यांच्या वहाणा तेवढ्या दिसत होत्या. माणूस रागावला आहे की नाही हे वहाणांवरून कळत नाही.

"उस्तानीबाई, ताईत कुनी फोडला?"

"मी धडा शिकवला म्हणून झालं ते. मुलीला बोलू नका."

"ती म्हनती, मोहतमीमबाईनं मागितला."

"असली चीज दाखवा असं म्हणाल्या खऱ्या."

"म्हंजी सरकारनं मागितला. सरकारला न्हाई कसं म्हनावं? बरं, ताईत गेला तो गेला. पर आमच्या अक्कानं, पोरीच्या आत्यानं, घर डोक्यावर घेतलंय. उदगीरच्या म्हाराजाचं काय हाय, ते सूर्यग्रहनातच लिहून देतात. तेबी आपल्याकडं दिसनारं ग्रहन पायजे. मोडला तर दुसरं ग्रहन येईस्तवर सोयरिकीचं नाव काढायचं न्हाई, मोठा दोष लागतो म्हनं."

मी पडद्याला घट्ट धरलं. "मग?"

"मग काय? पोरगी घरी बसून दिसभर आत्याशी भांडंल. वर्ग हाय का न्हाई आता?"

"आहे."

"मग येऊ द्या तिला." वहाणा उठल्या. दोन पावलं जाऊन परत आल्या. "उस्तानीबाई, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. पुढलं दिसनारं ग्रहन कदी हाय?"

मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन सासूबाईंना विचारलं. त्यांनी पंचांग काढलं, पानं उलटली, बोट फिरवलं, आणि ते मिटून ठेवलं. "आपल्याकडं वेध पाळायचं काम यंदा नाही. पुढंही लवकर नाही. का गं?" मी कारण सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला आधी वाढलं. असं तोवर कधी झालं नव्हतं.

सोजर सातवी झाली. हैदराबादच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाली. मधे ते राज्य गेलं. त्या धुमाळीत काही महिने शाळांना कुलपं होती, त्याबद्दल तुमची आई तुम्हाला मोठेपणी सांगेल. उस्तानीच्या बाई झाल्या, मी बदलून लातूरला आले, आणि काही वर्षांनी माझ्याच शाळेत नवीन शिक्षिका म्हणून सोजर रुजू झाली. लग्न तिनं केलं, पण स्वतः पसंत करून, आणि ग्रहण नसताना.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केलं. मला भाषण करू द्यायला नको होतं. मी सगळा किस्सा सांगितला आणि शेवटी सोजरकडे हात करून म्हणाले, "विज्ञानासाठी या मुलीनं गळ्यातला ताईत तोडला. अंधश्रद्धेवर ज्ञानाचा असा विजय मी दुसरा पाहिला नाही." टाळ्या झाल्या. माझे डोळे भरून आले.

नंतर चहा घेताना सोजर माझ्याजवळ सरकली. "बाई, भाषण लई छान झालं. पण विज्ञान कुठलं हो त्यात?"

"म्हणजे?"

"मला ग्रहणाचं ठाऊक होतं. आत्या ताईत घेत होती तेव्हा मी दाराआडच होते. भूर्जाच्या सालीवर लिहिलाय, मोडला तर पुढलं ग्रहण येईस्तवर सोयरीक नाही, हे महाराज दोनदा सांगून राहिले होते. त्या दिवसापासून मी तो कसा मोडावा हेच बघत होते. पण आपण होऊन तोडला असता तर वडलांनी माझे पाय मोडले असते. कुणीतरी मागायला पाहिजे होतं."

मी कपबशी खाली ठेवली.

"तुमची दलदल फसली," ती हसू दाबत म्हणाली, "पट्टी निळी राहिली, झाड कडुनिंब निघालं, आणि साहिबा म्हणाल्या, असली दाखवा. मी मनात म्हटलं, आता कोण काय करणार? सरकारनंच मागितलंय."

मी घरी येईपर्यंत विचार करत होते. त्या संध्याकाळी मी चुन्याचा तो दुसरा हात मारला नसता तर पट्टी लाल झाली असती. साहिबांनी मान डोलावली असती. खरं झाड कुणी मागितलंच नसतं. वर्ग चालू राहिला असता, पण सातवी संपताच आत्यानं सोजरला उजवून टाकलं असतं. माझ्या नोकरीत मी जे काही नीट केलं त्याचा कुणाला किती उपयोग झाला ते सांगता येणार नाही. जे बिघडवलं त्याचा झाला, हे पक्कं सांगता येतं.

परवा सोजर आली होती. तीही आता निवृत्त आहे, गुडघे धरून बसते. मी तिला तुमचा फोटो दिला, हातात भिंग दिलं आणि म्हटलं, "बघ, हे ते. आपण जे डोणीत केलं होतं ते." तिनं ईशानचा बूट शोधला, तन्वीची वेणी पाहिली, मग झाडांकडे वळली. एकेका खोडावरून भिंग खाली खाली नेत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "हे बघा."

मी पाहिलं. वर सगळी झाडं पांढरी शुभ्र होती. पण खाली, पाण्यालगत, एकूण एक खोड काळपट-तपकिरी होतं, भेगाळलेलं, गुडघाभर उंचीपर्यंत. दोन दिवस मी भिंगातून पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

सोजरनं भिंग खाली ठेवलं.

"ह्यांचा पण चुना खालून उतरलाय की हो."